उन्हाळी, विषय दगड

सुरुवातीलाच एक गोष्ट लेखी देऊन टाकते. ही सगळी भानगड सुरू झाली तेव्हा मला मूतखडा नव्हता. माझ्याकडे दगड होते आणि अजूनही आहेत, पण ते पलंगाखाली चपलांच्या खोक्यांत, वर्तमानपत्रात गुंडाळून, प्रत्येकावर ठिकाणाची चिठ्ठी चिकटवून ठेवलेले आहेत. मी भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. भूगर्भशास्त्र म्हटलं की लोक आधी विहिरीला पाणी कुठं लागेल ते विचारतात, मग नोकरी कुठं लागेल ते विचारतात, आणि दोन्हीचं उत्तर मला नीट देता येत नाही म्हणून चहा पिऊन निघून जातात. याची मला सवय झाली होती. पण माझ्या मूत्रपिंडाची चौकशी भाजीवाल्यानं करावी, याची सवय नव्हती.

झालं असं. मार्च महिन्यात आमच्या मधुसूदन सरांनी मला बोलावून सांगितलं की जर्मनीतल्या एका विद्यापीठात दरवर्षी उन्हाळी शाळा भरते. सहा आठवडे, विषय ज्वालामुखीचे खडक, खर्च सगळा त्यांचा. "तू अख्खी या काळ्या खडकावर वाढलीस," सर म्हणाले, "तुला नाही तर कुणाला घेतील? अर्ज कर." परीक्षा तोंडावर होती. परीक्षा तोंडावर आली की अभ्यास सोडून बाकी काहीही करायचा उत्साह मला येतो, तसा तेव्हाही आला. एका बैठकीत मी अर्ज लिहून पाठवला आणि विसरून गेले.

एप्रिलमध्ये उत्तर आलं की माझी निवड झाली आहे. मला इतका धक्का बसला की मी ते पत्र आधी लहान मुलासारखं अक्षर लावून वाचलं, मग मम्मीला वाचून दाखवलं. मम्मी म्हणाली, "जेवायला काय देतात तिथं?" पप्पांनी चष्मा पुसला.

पप्पांबद्दल इथं सांगायलाच हवं, कारण सगळा घोळ त्यांच्या भाषेनं केला. पप्पा पाटबंधारे खात्यात आहेत. जन्मभर फायलींच्या कडेला 'मंजूर', 'चर्चा करावी', 'मान्य नाही' एवढंच लिहून त्यांचं घरातलं बोलणंही तसंच झालंय. भाजी खाताना ते 'मीठ, कमी' म्हणतात. माझ्या दहावीच्या निकालावर त्यांनी 'ठीक, पुढे' असा शेरा मारला होता, आणि मम्मी सांगते की तिला पाहायला आले तेव्हाही त्यांनी घरी जाऊन 'हरकत नाही' एवढंच कळवलं. अशा माणसाच्या हातात कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप द्यायला नको होता.

बेत माझ्या डोक्यात अगदी पक्का होता. मे महिन्यात विद्यापीठाची परीक्षा, शेवटचा पेपर मेच्या अखेरीस. जूनच्या मध्यात जर्मनी. जुलैत निकाल, आणि परत आल्याबरोबर पुण्याला एमएस्सीला प्रवेश. कागदावर सगळं इतकं छान बसत होतं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पप्पांनी त्या रात्री 'निकम परिवार, वैजापूर' या ग्रुपवर एक निरोप टाकला. तो मी जसाच्या तसा देते. 'सायली. उन्हाळी. जर्मनीला सहा आठवडे. विषय दगड. आशीर्वाद असावेत.'

आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे उन्हाळी लागणं म्हणजे उन्हाच्या तापानं लघवीला आग होणं. विद्यापीठात उन्हाळी म्हणजे उन्हाळी परीक्षा. आणि जगात फक्त मधुसूदन सर आणि जर्मन लोक अशी दोनच मंडळी होती ज्यांच्या लेखी उन्हाळी म्हणजे उन्हाळी शाळा. वैजापूरला आमचे साठ-सत्तर नातेवाईक आहेत. त्यांच्यापैकी एकानंही हा निरोप शाळेचा म्हणून वाचला नाही. पोरीला उन्हाळी लागलीय, कारण दगड, इलाज इथं होत नाही म्हणून जर्मनीला न्यायचीय, असं त्यांनी वाचलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर निरोपात तेच लिहिलेलं होतं.

ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. कुणी 'लवकर बरे व्हा'चं फुलांचं चित्र टाकलं. मला वाटलं, आमच्या लोकांकडे अभिनंदनाची चित्रं संपली असतील. मग ग्रुपवर तात्यासाहेबांचा आवाजी निरोप आला. तात्यासाहेब म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आडत चालवतात, आणि आमच्या घरातलं कुठलंही मोठं काम त्यांच्या शब्दाशिवाय होत नाही. ते म्हणाले, "पोरीला पाणी पाजा लई. घाबरू नका. आपल्यातल्या लई जणांना झालेलं हाये." मी खूश झाले. मला वाटलं, तात्यासाहेबांना आपल्यातले बरेच जण जर्मनीला जाऊन आल्यासारखं वाटतंय.

दोन दिवसांनी मनकर्णा आत्या आली. पप्पांची बहीण. वैजापूरहून एसटीनं, भर दुपारी, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात चक्क कुंडी घेऊन. कुंडीत पानफुटी होती. पिशवीत हुलगे होते, जव होते, सब्जा होता. मी म्हटलं, आत्या राहायला आली, छान झालं. आत्यानं मला खाली बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला.

"किती मोठा हाये गं?" तिनं विचारलं.

मला भरून आलं. माझ्या दगडांची अशी मायेनं चौकशी घरात कुणीच कधी केली नव्हती. मी हातानं दाखवलं. "सगळ्यात मोठा एवढा आहे. मुठीपेक्षा जरासा मोठाच."

आत्या मागं सरकली. "आगं माय. आन् हायेत किती?"

"मोजले नाहीत. पाच-सहा खोकी भरतील."

"खोकी?" आत्याचा आवाज बसला. "कशानं झालं गं हे?"

"मोठा आहे ना, तो दौलताबादचा. तिकडून आणला."

"तिथलं पाणी बाधलं," आत्या मम्मीकडे वळून म्हणाली. "मी म्हणत व्हते, पडेगावला घर घेऊ नका, दौलताबादच्या अंगाला पाणी जड हाये. कुणी ऐकलं नाय." मग ती पुन्हा माझ्याकडे वळली आणि माझा हात हातात घेऊन, दार सताड उघडं असताना, शेजारच्या कालिंदीकाकू आमच्याकडून विरजण न्यायला उंबऱ्यात उभ्या असताना, तिनं विचारलं, "लघवीला लई आग होती का?"

मला जे वाटलं त्याला धक्का म्हणणं फार सौम्य होईल. माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. आणि माझ्या त्या गप्प बसण्याचा अर्थ आत्यानं आणि कालिंदीकाकूंनी एकदमच लावला.

कालिंदीकाकू शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांना कुठलीही बातमी समजली की ती त्या आधी शुद्ध करून घेतात आणि मग पसरवतात. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीला माहीत झालं होतं की निकमांच्या सायलीला द्विपार्श्वी मूत्राश्मरी आहे. माणसं आधी हा शब्द समजावून घ्यायला एकमेकांकडे गेली, दोन्ही बाजूंना मूतखडे एवढा अर्थ लागला, आणि मग आमच्याकडे आली. प्रत्येकानं काहीतरी आणलं. प्रत्येकाच्या ओळखीत एक माणूस होता ज्याचा खडा अमुक खाऊन पडला. बिअर प्यायला सांगणारे एक गृहस्थ पप्पांना बाजूला घेऊन गेले. भाजीवाल्यानं मला टोमॅटो द्यायला साफ नकार दिला. "बिया हैं बेटा उसमें," तो म्हणाला, "आपके लिए नहीं."

मी समजावून सांगितलं नाही असं नाही. दिवसभर समजावून सांगितलं. पण माझ्या लक्षात आलं की एकवीस वर्षांची मुलगी हात हलवून हलवून 'मला तसलं काही नाही हो' म्हणायला लागली की ऐकणाऱ्याची खात्रीच पटते. "लाजायचं काय त्यात," कालिंदीकाकू म्हणाल्या. "शरीर आहे." आत्या माझ्यासमोर हुलग्याच्या पाण्याचा पेला धरून उभी राहायची आणि मी संपवल्याशिवाय हलायची नाही. मी तिला पलंगाखालची खोकी उघडून दाखवली. तिनं एकेक दगड हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "हे घरात भरल्यावर दुसरं काय व्हणार?"

शेवटी मी पप्पांना म्हटलं, तुम्ही केलंय, तुम्हीच निस्तरा. ग्रुपवर स्पष्ट लिहा. पप्पांनी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'दुरुस्ती. सायलीचा दगड पोटात नाही. डोक्यात.'

त्यांना म्हणायचं होतं की पोरीच्या डोक्यात दगडांचं वेड आहे. पण तोपर्यंत निरोप गेला होता. दहा मिनिटांत तात्यासाहेबांचा फोन आला. ते बोलू शकत नव्हते. मी त्यांना लहानपणापासून ओळखते, बाजार पडला तरी त्यांचा आवाज हलत नाही, आणि आता ते फोनवर नुसते श्वास घेत होते. मग म्हणाले, "मेंदूत गेला का?" वैजापूरला त्या रात्री घरोघर रडारड झाली असं मला नंतर कळलं. याच दरम्यान तात्यासाहेबांनी माझ्यासाठी बघून ठेवलेलं गंगापूरचं एक स्थळ आपण होऊन मागं सरकलं. या सगळ्या प्रकारात माझा झालेला हा एकमेव फायदा, आणि तो मी नाकारत नाही. पण त्यासाठी मी मेंदूत दगड असलेली मुलगी व्हायला तयार नव्हते. मग मी स्वतः तात्यासाहेबांशी अर्धा तास बोलले आणि दगड डोक्यातून काढून परत पोटात आणला. पोटातून बाहेर काढणं काही जमलं नाही.

हे सगळं मी हसत सहन केलं असतं. कारण जर्मनी पक्की होती. पण मेच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठानं परिपत्रक काढलं की अपरिहार्य कारणास्तव उन्हाळी परीक्षेचं वेळापत्रक पुढं ढकलण्यात येत आहे. शेवटचा पेपर आता जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे मी जर्मनीत ज्वालामुखीच्या खडकांवर उभी असेन, आणि इकडं खडकांवरचेच उरलेले पेपर चालू असतील.

मी परीक्षा विभागात गेले. खिडकीतल्या बाबूंनी वर न बघता विचारलं, "उन्हाळी का हिवाळी?"

त्या दिवसांत हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरायचं. "परीक्षेबद्दलच विचारताय ना?" मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. "दुसरं काय विचारीन, मॅडम?"

मी अडचण सांगितली. बाबूंनी शांतपणे ऐकलं. ते म्हणाले, की उन्हाळी चुकली तर हिवाळीला बसायचं. हिवाळी डिसेंबरमध्ये. मी म्हटलं, मग माझं एमएस्सीचं वर्ष जाईल. ते म्हणाले, "जातं. लोकांचं जातं." मग जरा दया येऊन म्हणाले, "ऑगस्टमध्ये एक विशेष परीक्षा असते. पण ती आजारी विद्यार्थ्यांसाठी. मेडिकल ग्राउंड पाहिजे. परदेशात शिकायला जाणं हा आजार धरत नाहीत."

घरी येऊन मी कॉटवर पडले. जर्मनीला गेले तर एमएस्सी वर्षभर पुढं जाणार. पेपरला बसले तर जर्मनी गेली, आणि असं पत्र पुन्हा येत नसतं. एकीकडं सरांनी धाडलेले जुने पेपर सोडवायचे होते, दुसरीकडं व्हिसाचे कागद, तिसरीकडं उन्हाळी शाळेच्या जर्मन बाईंचं पत्र की येणार की नाही ते कळवा. आणि चौथीकडून आत्या हुलग्याचं पाणी घेऊन येत होती. मी तिच्यावर ओरडले. आत्यानं पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "आग होती तवा माणूस चिडतंच."

मेडिकल ग्राउंड हे शब्द कालिंदीकाकूंच्या कानावर गेले. त्या लगेच आल्या. त्यांचा भाचा डॉक्टर आहे, तो लिहून देईल. "आणि यात खोटं काय आहे?" काकू म्हणाल्या. "सगळ्या पडेगावला माहिती आहे." मी नाही म्हटलं. खडा माझ्याकडं नाही आणि मी तो कागदावर पाडणार नाही, असं मी म्हटलं. हे वाक्य मला तेव्हा फार बाणेदार वाटलं.

पण तात्यासाहेब ऐकणाऱ्यातले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बोलेरो दारात उभी. मी, पप्पा आणि तात्यासाहेब परीक्षा विभागात गेलो, आणि खिडकी टाळून थेट आतल्या साहेबांच्या खोलीत. मी तोंड उघडायच्या आत तात्यासाहेबांनी सांगून टाकलं, "साहेब, पोरीला खडा हाये. उन्हाळी लागलीय. इलाजाला भाईर नेतोय."

साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठल्या बाजूला?" त्यांनी हळूच विचारलं.

तात्यासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. "दोन्ही," तात्यासाहेब म्हणाले.

साहेबांनी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली. त्यांना स्वतःला दोनदा होऊन गेला होता. मागच्या दिवाळीत, ऐन निकालाच्या कामात. बाहेर उभे असलेले बाबू आत आले, त्यांनाही होता. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमच्या मिस्टरांना होता. जे विद्यापीठ मला तीन वर्षांत एकदाही 'बसा' म्हणालं नव्हतं, ते आता माझ्यासाठी पंख्याचा वेग वाढवत होतं. कळ कशी येते, कमरेत कशी येते, रात्री कसं लोळावं लागतं, यावर तिथं मनापासून चर्चा झाली. मला वाटलं, आपल्या भागात माणसं जोडणारी हीच काय ती एक गोष्ट उरलीय. साहेब म्हणाले, "काळजी करू नका. ऑगस्टच्या विशेष परीक्षेत बसवू. फक्त सोनोग्राफीचा कागद जोडा. आजच करून टाकू."

सगळे माझ्याकडं बघत होते. जर्मनी आणि एमएस्सी, दोन्ही त्या टेबलावर ठेवलेले होते. हात पुढं करायचा अवकाश होता. सोनोग्राफीचा कागद कालिंदीकाकूंच्या भाच्याकडून संध्याकाळपर्यंत आला असता. मला तो कागद हवा होता. अगदी मनापासून हवा होता, हे मी लपवत नाही. पण साहेब ज्या मायेनं बोलत होते, त्या मायेसमोर माझ्याच्यानं ते होईना.

मी पिशवीतून एक दगड काढला. सरांना दाखवायला आणलेला होता. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळीत सापडतो तो पांढरा स्फटिक. तो मी टेबलावर ठेवला. "साहेब," मी म्हटलं, "मला खडा नाही. मला हे शिकायला जायचंय."

पंखा अजून जोरात फिरत होता. साहेबांनी दगडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या दुखण्याची चेष्टा केलीय. त्यांनी खुर्ची मागं ओढली आणि पेन उचललं. "शैक्षणिक कारणासाठी तरतूद नाही," ते म्हणाले.

क्रांती चौकाच्या सिग्नलला मी रडले. तात्यासाहेब गाडी चालवत होते. "खरं बोलायला येळ-काळ असतो पोरी," ते म्हणाले. "आम्ही नवस बोललो तुझ्यासाठी. आता तो फेडायचा का नाय?" पप्पा पुढच्या सीटवर होते. ते मागं न वळता म्हणाले, "बरोबर बोलली."

पप्पांच्या हिशेबानं हे भाषणच होतं. मी आणखी रडले.

मी ठरवलं, जर्मनीला नाही म्हणून कळवायचं. पेपर द्यायचा, एमएस्सी करायची, खडक काय, इथं पायाखाली पडलेले आहेत. मधुसूदन सर म्हणाले, "आठवडाभर थांब. परीक्षा सुरू होऊ दे, मग कळव." परीक्षा सुरू झाली. त्या महिन्यात मी व्हिसासाठी, बँकेसाठी, विद्यापीठासाठी, भर उन्हात खूप फिरले होते आणि आत्यावर रागावून पाणी पिणंही सोडलं होतं. दुसरा पेपर अग्निजन्य खडकांचा होता. पहिलाच प्रश्न होता, खडकाच्या पोकळीत पाण्यातल्या क्षारांपासून स्फटिक कसे तयार होतात ते आकृतीसह स्पष्ट करा.

मी आकृती काढायला सुरुवात केली आणि कमरेत डाव्या बाजूला काहीतरी हाललं. आधी वाटलं, बाक टोचतोय. मग कळ आली. साहेबांनी वर्णन केली होती तशीच, अगदी शब्दाशब्दाला तशी. माझ्या हातातलं पेन उडालं आणि मी बाकावरून खाली बसले. परीक्षा घेणाऱ्या मॅडम धावत आल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "तू निकम ना? ती दगडवाली?"

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर पडद्याकडं बघत म्हणाले, "खडा आहे." मी म्हटलं, शक्यच नाही. ते म्हणाले, "हा काय दिसतोय." मी पडद्याकडं पाहिलं. खडकाच्या पोकळीत पाण्यातल्या क्षारांपासून स्फटिक तयार झाला होता, आकृतीसह. मला आयुष्यात एवढा धक्का कधी बसला नव्हता, आणि त्या महिन्यात माझे धक्के काही कमी झालेले नव्हते. बाहेर बाकावर पप्पा बसले होते. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि सुई टोचलेल्या जागी धरून ठेवला. शेरा काहीच मारला नाही.

आता नियम असा निघाला की ज्याचा एक पेपर आजारपणामुळं अर्धवट राहिला, त्याला तो आणि उरलेले सगळे पेपर ऑगस्टच्या विशेष परीक्षेत देता येतात. म्हणजे जर्मनी होती आणि एमएस्सीही होती. खरा कागद, खरा खडा, खरी सही. मी कागद घेऊन साहेबांकडं गेले. त्यांनी तो वाचला, मग माझ्याकडं बघून बारीक हसले. "परवा नाही म्हणालात," ते म्हणाले, "आज आहे?" मी म्हटलं, खरंच आहे हो. "असू द्या, असू द्या," साहेब म्हणाले आणि सही केली. "कागद आहे ना. बास."

हेच सगळीकडं झालं, कारण साहेबांच्या खोलीतलं माझं 'मला खडा नाही' तोपर्यंत कॉलनीपासून वैजापूरपर्यंत पोचलं होतं. तात्यासाहेबांनी फोन करून पाठ थोपटली. "आता कशी शहाणी झालीस," ते म्हणाले. "पेपरमधीच पडली म्हणं. झकास केलंस." कालिंदीकाकूंनी मला शेजारच्यांसमोर अभिनयाचं बक्षीस द्यायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि भाचा सोडून दुसरा डॉक्टर गाठला म्हणून जरा रागावल्याही. भाजीवाल्यानं मला टोमॅटो दिले आणि डोळा मारला. महिनाभर मी ओरडत होते की मला खडा नाही, तेव्हा कुणाला पटलं नाही. आता खडा होता, कळ होती, गोळ्या होत्या, आणि कुणाचाच विश्वास नव्हता. ग्रुपवर पप्पांनी लिहिलं, 'सायली. खडा. खरा.' त्यावर सगळ्यांनी हसणारी तोंडं टाकली.

खडा आठवड्यानं पडला. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून मी गाळून ठेवला होता. तो धुतला, वाळवला आणि एका छोट्या डबीत कापसावर ठेवला. सवयीनं चिठ्ठीही चिकटवली. ठिकाण लिहिताना जरा अडले, मग 'पडेगाव' लिहिलं.

मधे वैजापूरला परत गेलेली मनकर्णा आत्या निघायच्या दिवशी आली. पुन्हा एसटीनं, पुन्हा भर दुपारी. मी बॅग भरत होते. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "पडला म्हणं. दाखव."

मी डबी उघडून तिच्या हातात दिली. आत्यानं ती खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, चष्मा वर करून पाहिली. बराच वेळ पाहिली. मला एकदम जाणवलं की ही एकटीच आहे जिनं पहिल्या दिवसापासून आजपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवला. खडा नव्हता तेव्हाही आणि होता तेव्हाही. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला तिच्यावर ओरडल्याचं वाईट वाटलं, आणि मी तसं तिला सांगितलं.

"जाऊ दे गं," आत्या म्हणाली. तिचं लक्ष डबीतच होतं. "एवढुसाच हाये की. मोहरीवानी. तू तर मूठभर म्हणली व्हतीस."

"आत्या, तो दुसरा होता."

"एवढुशासाठी एवढ्या लांब नेतेत?" आत्या पुटपुटली. मग तिनं डबीचं झाकण नीट लावलं आणि माझ्या हातात ठेवली. "ही बॅगीत टाक. वरच टाक. तिथला डाक्टर इचारंल, दगड कुठंय, तवा दाखवाया लागंल."

मी वाद घातला नाही. डबी बॅगेत टाकली, अगदी वर, जर्मन बाईंच्या पत्राशेजारी. नाहीतरी विषय दगडच होता.